साडेचारशे फुटांच्या घरात सोळाशे पुस्तकं

कांदिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. साडेचारशे चौरस फुटांचं वन बीएचके घर. त्यात त्या स्वतः, यजमान, दहावीतला मुलगा आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. ताईंना तीस वर्षांपासून पुस्तकांचा नाद. सोळाशेपर्यंत मोजली आणि पुढे मोजणं सोडून दिलं. कपाट भरलं, दिवाणाचा खण भरला, माळा भरला, आता भिंतीकडेने चळती उभ्या आहेत. गेल्या महिन्यात सासूबाई रात्री उठल्या आणि एका चळतीला अडखळून पडल्या. हाड मोडलं नाही. घरात कुणी ताईंना एक शब्दही बोललं नाही, आणि तेच त्यांना सहन होत नाहीये. माळ्यावर वडिलांच्या पुस्तकांची एक पत्र्याची ट्रंक आहे, ती बारा वर्षांत उघडलेली नाही. ‘आता घर निवडू की पुस्तकं, तेवढं सांगा,’ असं त्यांनी लिहिलंय.

ताई, मी मुंबईतल्या एका वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर लोकांच्या घरी जाऊन त्यांची पुस्तकं लावून देते. दादर, गिरगाव, मुलुंड, बोरिवली, कुठेही गेलं तरी हाच प्रश्न असतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात हाच अपराधीपणा असतो. म्हणून आधी हे सांगते: तुम्हाला दोहोंतलं एक निवडायचं नाहीये. सोळाशे पुस्तकं म्हणजे गुन्हा नव्हे. अडचण चळतींची आहे. चळतीतलं खालून चौथं पुस्तक कुणी काढत नाही. ते दिसत नाही, म्हणून वाचलं जात नाही, कुणाला देता येत नाही आणि त्याला कसर लागली तरी कळत नाही. घरात असून ते तुमच्याकडे नसतंच. त्यामुळे चळत मोडली की सासूबाईंची वाट मोकळी होईल आणि तुमची पुस्तकंही तुम्हाला परत मिळतील.

सुरुवात पुस्तकांपासून करू नका, माणसांपासून करा. खडू घ्या आणि जमिनीवर रेघा मारा. सासूबाईंच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत ३ फूट रुंदीची सलग वाट. आज त्या काठीशिवाय चालत असतील, पण उद्या वॉकर आला तर त्यालाही तेवढीच लागते. मुलाचं टेबल, त्याची खुर्ची मागे सरकेल एवढी जागा. यजमान जिथे बसून चहा पितात ती जागा. खिडकीशी पोचायची वाट, कारण पावसाळ्यात ती चटकन लावावी लागते. या रेघांच्या आत एकही पुस्तक येणार नाही, एका रात्रीपुरतंही नाही. उरलेली भिंत पुस्तकांची. मी जिथे जिथे हा क्रम उलटा झालेला पाहिला, म्हणजे आधी पुस्तकं मांडली आणि मग माणसांनी अंग चोरून राहायचं, तिथे कधी ना कधी एका दुपारी रद्दीवाल्याला हाक मारली गेली. तुमच्या घरचे बोलले नाहीत, हे त्यांचं प्रेम आहे. त्याच्यावर आणखी भार टाकू नका.

आता मोजमाप. मराठी कादंबऱ्या, कथासंग्रह बहुतेक डेमी आकाराचे, सुमारे साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. एक मीटर फळीवर जाड-बारीक मिळून ४५ पुस्तकं बसतात असं धरा. तुमच्या सोळाशेंना साधारण ३५ मीटर फळी लागेल. तुमच्या हॉलची लांब भिंत १२ फुटांची आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यावर एकाखाली एक ७ फळ्या घेतल्या तर साडेपंचवीस मीटर होतात. दारांच्या वरून फिरणारी १४ फुटांची एक फळी घेतली की आणखी चार. म्हणजे सगळी मिळून ३० मीटरच्या आत. त्यातली दहावा हिस्सा जागा रिकामी ठेवायची, कारण तुम्ही पुस्तकं घेणं थांबवणार नाही आणि थांबवूही नये. हिशेब बाराशेवर येतो. तुमचं घर बाराशे पुस्तकं सुखानं सांभाळू शकतं. म्हणजे चारशे पुस्तकांचा प्रश्न आहे, सोळाशेंचा नाही. हा आकडा कळला की माणसाचा श्वास मोकळा होतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

फळ्या करून घेताना सुताराशी थोडं ठाम राहावं लागेल. तो सवयीनं १५ इंच खोल कपाट करू पाहील, कारण त्याच्या हाताला कपड्यांच्या आणि भांड्यांच्या कपाटांचं माप बसलेलं असतं. १५ इंच खोल फळी झाली की पुढे एक आणि मागे एक अशा दोन ओळी लागणार, आणि मागची ओळ वर्षभरात विसरली जाणार. शिवाय खोलीतले ते सहा इंच फुकट गेले. ९ इंच सांगा. फार तर एक फळी मोठ्या आकाराच्या पुस्तकांसाठी १२ इंची करा. प्लाय पाऊण इंचाचा, पाण्याला टिकणारा, आणि दर अडीच फुटांवर उभा आधार. त्याहून लांब सोडली की फळी मध्ये झोळ घेते. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून निदान अर्धा फूट वर.

या अर्ध्या फुटाबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. २००५ साली आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या घरात पाणी गुडघ्याच्या वर होतं. खालच्या दोन फळ्या गेल्या. साध्या कागदावरची बरीचशी पुस्तकं पंख्याखाली उभी करून, पानं फाकवून वाचवता आली. फुगली, डागाळली, पण वाचता येतात. चित्रांची, गुळगुळीत आर्ट पेपरवरची पुस्तकं मात्र वाळताना एकसंध विटेसारखी चिकटली. ती ओली असतानाच पानं सुटी करायला हवी होती, किंवा पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये टाकायला हवी होती, म्हणजे नंतर सवडीनं एकेक हाताळता आली असती. ग्रंथपाल असून त्या दोन दिवसांत मला ते सुचलं नाही, आधी माणसं बघायची होती. तुमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, पूर येणार नाही. पण वॉशिंग मशीनचा पाइप निसटतो, वरच्यांचा नळ राहतो. अर्धा फूट ठेवाच.

वजनाची भीती तुम्ही व्यक्त केली आहे, ती रास्त आहे. डेमी आकाराचं मराठी पुस्तक सरासरी ३५० ग्रॅम धरा. बाराशे पुस्तकं म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास, शिवाय प्लाय. राहत्या घराच्या स्लॅबला भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. ग्रंथालयांच्या पुस्तकसाठ्याच्या खोल्यांना त्याच्या तिप्पट आणि कपाटं उंच असली तर त्याहूनही जास्त. भिंतीच्या कडेने एका ओळीत उभी केलेली बाराशे पुस्तकं चांगल्या स्थितीतल्या आरसीसी इमारतीला पेलतात, कारण खोलीचा बाकीचा भाग मोकळा राहतो. खोलीच्या मध्यावर कपाटांच्या रांगा मात्र नकोत. बंद केलेल्या बाल्कनीत तर पुस्तकं मुळीच ठेवू नका. ती बहुधा बाहेर झुकलेल्या स्लॅबवर असते आणि पावसाची झड पहिली तिथेच लागते. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींतल्या लाकडी तुळयांच्या खोल्यांची गोष्ट वेगळी, तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय मी स्वतः एकही कपाट सरकवू देत नाही.

भिंत कोणती, हेही बघा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीची पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत ओल धरते. जुलैत तळहात लावून बघा, गार आणि दमट लागली तर ती भिंत पुस्तकांची नव्हे. दोन खोल्यांमधली आतली भिंत सगळ्यांत उत्तम. बाहेरच्या भिंतीशिवाय इलाजच नसेल तर कपाट दोन इंच पुढे ठेवा, मागून हवा फिरू द्या.

तो जुलैतला कुबट वास बुरशीचा असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा कोंडलेली असली की बुरशी धरते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०च्या पुढे असते. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते फळीवर ठेवा, म्हणजे अंदाजानं वागावं लागणार नाही. घरात ८०चे ५० करणं सोपं नाही, पण हवा हलती ठेवणं हातात आहे. फळ्या ठासून भरू नका, बोट सहज जाईल इतकी सैल ठेवा. पावसाळ्यात हॉलचा पंखा दिवसातून काही तास मंद चालू राहू दे. आणि पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. पिशवी बाहेरची ओल थोडी अडवते, पण आतली कोंडून ठेवते. तुमच्या माळ्यावरच्या पिशव्या मला सगळ्यांत जास्त काळजीच्या वाटतात.

बुरशी धरलेलं पुस्तक निघालं तर ते बाकीच्यांपासून वेगळं करा. पंख्याच्या हवेत पूर्ण वाळू द्या, मग गॅलरीत नेऊन मऊ ब्रशनं झटका, नाकातोंडाला मास्क लावून. ओल्या फडक्यानं पुसू नका, बुरशी कागदात आणखी मुरते. तुमच्या मुलाला पावसाळ्यात शिंकांचा त्रास होतो म्हणता, तर हे काम तो शाळेत असताना करा आणि डॉक्टरांना बुरशीबद्दलही सांगा. डांबरगोळ्या मी घरात सुचवत नाही. त्यातलं नॅप्थलीन काही मुलांच्या रक्तातल्या लाल पेशींना अपायकारक असतं, आणि झोपायच्या खोलीत त्याचा वास दिवसरात्र घेण्यासारखा नाही. आजीच्या पोथ्यांत वेखंड असायचं, कडुनिंबाचा वाळलेला पाला असायचा. तो ठेवायला हरकत नाही, पण तो पूर्ण वाळलेला हवा आणि दर वर्षी बदलायला हवा. नाहीतर त्यालाच कीड लागते.

चांदीसारखी चकचकीत, पळणारी ती कसर. ती खळ आणि कागदाचा वरचा थर खाते, ओलाव्यावर जगते. बारीक गोल भोकं आरपार गेलेली दिसली तर ते भुंग्यांच्या अळ्यांचं काम. अशा पुस्तकांना घरातला उणे १८ अंशांचा फ्रीझर पुरतो. पुस्तक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला, हवा काढा, दोन आठवडे आत ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर पाणी सुटतं. फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवरून आणलेलं प्रत्येक जुनं पुस्तक मी थेट फळीवर ठेवत नाही. आधी पंधरा दिवस वेगळ्या पिशवीत. वाळवीचे मातीचे पोपडे दिसले तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा आणि सोसायटीला कळवा.

आता ती चारशे पुस्तकं. इथेच सगळे अडकतात. लोक पुस्तक हातात घेतात आणि स्वतःला विचारतात, हे मला आवडतं का? वाचणाऱ्या माणसाला सगळंच आवडतं, म्हणून काहीच हलत नाही. मी दुसरा प्रश्न विचारायला सांगते: हे गेलं तर परत मिळेल का? ज्याच्या आवृत्त्या निघताहेत, जे कुठल्याही वाचनालयात आहे, ते जाऊ शकतं. हवं तेव्हा दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन मागता येतं. ही संस्था १८९८ सालापासून आपल्यासाठी पुस्तकं सांभाळते आहे, मग तेच पुस्तक आपल्या दिवाणाखाली कशाला हवं? उलट, एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सवी अंक, कामगार वस्तीत छापलेली शाहिरी पुस्तिका, बंद पडलेल्या छोट्या प्रकाशनाचा कवितासंग्रह, नाटकाची जुनी कार्यक्रमपत्रिका, गावाचा इतिहास, ही दिसायला मळकी आणि बारीक असतात आणि म्हणून पहिली रद्दीत जातात. गिरगावात एका घरी मी चार दिवस उशिरा पोचले होते. वडिलांच्या तेराव्यानंतर मुलांनी जाड बांधणीची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं ठेवली होती आणि ‘फुटकळ’ कागद किलोवर दिले होते. त्या फुटकळ कागदांत पन्नास वर्षांच्या नाट्यप्रयोगांच्या कार्यक्रमपत्रिका होत्या. जाड पुस्तकं आजही दुकानात मिळतात. मुलांचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या संग्रहातलं मोलाचं काय, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून ही निवड तुम्ही, तुमच्या हातानं करायची.

दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या घरांत ते साठत आलेत. तुमच्याकडे एखाद्या अंकाची सलग वर्षं असतील तर ती मोडू नका, सलग संच संशोधकांना लागतो. सुटे अंक मात्र फिरते राहू द्यात. अनुक्रमणिकेचा फोटो काढून ठेवा आणि अंक मैत्रिणीला द्या.

देताना एक काळजी घ्या. मी स्वतः एकदा निवडक ६० पुस्तकं एका वाचनालयाला न विचारता नेऊन दिली आणि दोन वर्षांनी ती तिथेच गोणीत, न उघडलेली पाहिली. त्यांच्याकडे त्यातली बहुतेक आधीच होती. आता मी आधी यादी पाठवते, हवं तेवढंच देते. शाळांना पाठ्यपुस्तकं आणि तुकडे झालेली पुस्तकं पाठवू नका. वाचता येईल असंच द्या. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पाचवं म्हणजे ग्रंथालय हा वाढता जीव आहे. आमच्या शिक्षणात ते पाठ करून घेत. वाढणारा जीव नवं आत घेतो तसं जुनं सोडतोही, हा त्याचा अर्धा अर्थ मला नोकरीत दहा वर्षं गेल्यावर उमगला.

फळ्या लावताना वर्गीकरणाच्या फार मागे लागू नका. सासूबाईंना एक पूर्ण फळी द्या, त्यांच्या हाताच्या उंचीवर, जिथे त्यांच्या पोथ्या, चष्मा आणि मोठ्या टायपातली पुस्तकं राहतील. मुलाला एक. यजमान वाचत नसतील तरी त्यांनाही एक द्या, त्यावर ते काय ठेवतील ते त्यांना ठरवू दे. भिंत सगळ्यांची झाली की ती ‘हिची पुस्तकं’ राहत नाही. न वाचलेल्या पुस्तकांना एकच फळी, अडीच फुटांची. ती भरली की तिच्यातलं एक वाचेपर्यंत किंवा कुणाला देईपर्यंत नवं थांबेल. तुम्ही चर्चगेटच्या गाडीत रोज तासभर वाचता म्हणालात, तर ती फळी हलती राहील. आणि प्रत्येक फळीचा, कण्यांवरची नावं दिसतील असा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तीच तुमची सूची. फुटपाथवर उभं असताना ‘हे आपल्याकडे आहे का’ हे कळतं, आणि तेच पुस्तक दुसऱ्यांदा येत नाही. तुमच्या सोळाशेंत निदान वीस-पंचवीस अशी जोडपी निघतील; चारशेंची सुरुवात तिथूनच करा.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि डाग कायमचा राहतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ टिश्यू कागद पुरतो.

काम मे महिन्यात काढा, पाऊस लागण्याआधी. पहिल्या रविवारी फक्त सासूबाईंच्या वाटेवरच्या चळती उचला, बाकी कशाला हात लावू नका. वाट मोकळी झाली की त्या रात्री तिथे एक छोटा दिवा लावून ठेवा. दिवाणाचा खण दुसऱ्या रविवारी, माळा तिसऱ्या.

वडिलांची ट्रंक सगळ्यांत शेवटी, आणि ती एकटीनं उघडू नका. मुलाला बरोबर बसवा. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी गंज असतो, त्यामुळे खालची पुस्तकं ओढू नका, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला. झटकण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं सावकाश चाळा, त्या पिढीची माणसं पुस्तकांत पत्रं, पावत्या, कात्रणं ठेवत. जे निघेल ते ज्या पानात होतं त्याचा आकडा पेन्सिलीनं त्यावरच लिहा. कुठल्या पुस्तकावर वडिलांनी नाव-तारीख घातली असेल तर ते परत मिळेल की नाही हा प्रश्न विचारूच नका, ते बाराशेंत धरा. आणि आत जुन्या छापखान्यांच्या पुस्तिका निघाल्या तर मला यादी पाठवा, मी एका दुपारी येऊन बघून जाईन.